मोरोक्कोतला अगादिर कसा बघायचा (आधी कुलूप बघा!)

पहिली गोष्ट, मॅपवर नुसतं 'अगादिर' टाकू नका, ते तुम्हाला समुद्रकाठच्या मोठ्या शहरात नेऊन सोडेल. त्या शहराचं नाव ज्या शब्दावरून पडलं तो अगादिर म्हणजे गावाचं तटबंदीवालं धान्यकोठार, आणि ते बघायचं तर आणखी दक्षिणेला अँटी अ‍ॅटलासच्या डोंगरात जायला लागतं. 'अमतूदी' (Amtoudi) टाका, हे तिथलं एक गाव. तिथे दोन अगादिर आहेत, त्यातलं ईद ऐसा हे कड्याच्या टोकावर बसलंय, पहिल्यांदा बघणाऱ्याने तेच करावं. गाडी भाड्याने घ्या, बसच्या भरवशावर दिवस जातो.

थंडीच्या दिवसात सकाळी चढा, पाणी जवळ ठेवा. आणि चढायच्या आधी खाली गावात राखणदाराची चौकशी करा, चावी त्याच्याकडे असते, नाहीतर एवढा नागमोडी चढ चढून बंद दरवाजाचा फोटो काढून परत यायचं. भेटला की 'अझुल' म्हणा, म्हणजे नमस्कार. आणि हो, इथले लोक स्वतःला अमाझिग म्हणतात, 'बर्बर' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, आपल्याकडे तर बर्बर म्हणजे थेट रानटी, त्यामुळे मला ते लिहायलाच नको वाटतं.

आत गेल्यावर लगेच बुरुजावर सेल्फीला पळू नका. गल्लीत उभं राहून बघा, दोन्ही बाजूला एकावर एक छोट्या खोल्या, आणि वर चढायला जिना नाही, भिंतीतून बाहेर आलेल्या चपट्या दगडी फरश्या फक्त. आपण रिकाम्या हाताने चढायला घाबरतो आणि ती माणसं जवाची पोती घेऊन चढायची.

आता हे चालायचं कसं ते समजून घ्यायचं तर आपली हाउसिंग सोसायटी डोळ्यासमोर आणा, फक्त फ्लॅटमध्ये माणसांऐवजी जव, बदाम, अर्गन तेल, चांदीचे दागिने आणि जमिनीची कागदपत्रं. एका घराची एक खोली. मुख्य दरवाजाची चावी अमीनकडे, म्हणजे गावाने नेमलेल्या राखणदाराकडे, आणि खोलीची चावी त्या त्या घराकडे, म्हणजे अमीनला तुमची खोली उघडता यायची नाही आणि तुम्हाला अमीनशिवाय आत येता यायचं नाही. नियम लिहून ठेवलेले असायचे, कित्येक ठिकाणी लाकडी फळ्यांवर, चोरी केली तर किती दंड वगैरे सगळं. अमीनचा पगार धान्यात. (मेंटेनन्स थकवणारे तिथेही असतीलच.)

म्हणून दारं नीट बघा. कुलूपसुद्धा लाकडी असतं, आत छोट्या खुंट्या वरून अडसराच्या भोकात पडतात, दातेरी चावी घालून वर उचलली की खुंट्या सुटतात आणि अडसर सरकतो. काही दारांना खाली एक छोटं भोक दिसेल, ते मांजरासाठी, उंदरांचा बंदोबस्त!

एवढा खटाटोप कशाला, तर पाऊस बेभरवशाचा. एक वर्ष चांगलं पिकलं की पुढची दुष्काळी वर्षं त्यावर काढायची, आणि टोळ्यांची भांडणं पेटली की धान्य कड्यावर सुरक्षित, पाण्याची टाकीपण आतच.

भिंतीवर चढू नका, दगड सुटे असतात. सलीमा नाजी नावाच्या आर्किटेक्टने या भागातले अगादिर तिथल्याच कारागिरांना घेऊन, दगड माती लाकडातच दुरुस्त केलेत, 2013 मध्ये ते काम वास्तुकलेसाठीच्या आगा खान पुरस्काराच्या शॉर्टलिस्टमध्ये होतं. शहरातल्या अँटिक दुकानात जुनी कोरीव दारं विकायला दिसली तर प्लीज घेऊ नका, ती अशाच खोल्यांची निघू शकतात.

राखणदाराला थोडे पैसे द्या, खाली येऊन पुदिन्याचा चहा घ्या आणि पायात दम उरला असेल तर दुसरं, अगेल्लुई, तेही बघून टाका.