पदव्युत्तर शिष्यवृत्ती: अर्जाआधी बँकेचे काम उरका

दरवर्षी उन्हाळा लागला की एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ची मुले एकच तक्रार घेऊन येतात: "सर, पोर्टलवर मंजूर दाखवतंय, पैसे कुठायत?" शिकवण्याच्या जोडीला महाविद्यालयातले शिष्यवृत्तीचे काम गळ्यात पडल्यापासून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की समोरच्याचा अर्ज उघडायच्या आधीच मी विचारतो, "आधार कुठल्या बँकेला सीड आहे?" उत्तर बहुतेक वेळा "लिंक आहे सर" असे येते. घोळ नेमका तिथेच असतो: लिंक असणे आणि सीड असणे, म्हणजे सरकारी पैशासाठी आधारपुढे त्या बँकेची नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरायला रॉकेट सायन्स लागत नाही. नेटवर मात्र 'अर्ज कसा भरावा' याच्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. पासवर्ड कसा ठेवायचा यावर त्यात पाच मिनिटे जातात आणि बँकेच्या कामाला "आधार लिंक करून घ्या" हे एक वाक्य मिळते. मी उलट करणार आहे.

योजना ठरवा

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क-परीक्षा शुल्काची योजना, जिला सगळे फ्रीशिप म्हणतात. आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे सगळे महाडीबीटीवर.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती वेगळी. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. देशभरात १०,००० जागा, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. वय ३० पर्यंत आणि प्रवेश नियमित पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला हवा. निवड पदवीच्या गुणांवर होते आणि ३० टक्के जागा मुलींच्या आहेत. आपल्याकडच्या मुलांना ही योजना माहीतच नसते. पदवीला चांगले गुण असतील तर इथे अर्ज न करणे म्हणजे शुद्ध आळस.

दोन बंधने मुले हमखास विसरतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. आणि एका टप्प्याचे शिक्षण झाल्यावर त्याच टप्प्यावर विषय बदलून पुन्हा प्रवेश घेतला, तर ती मिळत नाही. मराठीत एम.ए. करून इतिहासात एम.ए.ला बसणाऱ्याने फी खिशातूनच भरायची आहे हे धरून चालावे.   प्रवेश घेण्याआधी हे पाहा, नंतर माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो.

कागद

तहसीलदारांचा चालू मुदतीचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, अधिवास, शिधापत्रिका, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता. प्रत्येक फाइल १५ ते २५६ केबीमध्ये बसवा. मोबाइलवर काढलेला, कडेला बोट आलेला फोटो अपलोड करू नका.

पदव्युत्तरला लग्न झालेल्या मुली बऱ्याच असतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नोकरी नसलेल्या विवाहितेच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरले जाते, म्हणून माहेरचा जुना दाखला पुढे करू नका. दुसरी गोष्ट नावाची. गुणपत्रिकांवर माहेरचे नाव असते, आधारवर सासरचे. पोर्टल आधारवरचे नाव उचलते आणि छाननीत कुणीतरी "नाव जुळत नाही" म्हणून अर्ज परत धाडतो. नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. शिक्षण चालू असताना आधारवरचे नाव बदलायची घाई करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव बदलले की बँक, पोर्टल, विद्यापीठ तिन्हीकडे निस्तरत बसावे लागते.

बँक: खरे काम हे

आधी पैसा कसा येतो ते समजून घ्या, म्हणजे निम्मे सल्ले आपोआप कचऱ्यात जातील.

थेट लाभाची (डीबीटी) रक्कम सरकार तुमच्या खाते क्रमांकावर पाठवत नाही, ती आधार क्रमांकावर पाठवते. बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे एक नोंदवही आहे, तिला मॅपर म्हणतात. कुठला आधार क्रमांक कुठल्या बँकेकडे, एवढेच त्यात लिहिलेले असते. एका आधारपुढे एकाच वेळी एकच बँक असते आणि शेवटी ज्या बँकेने नोंद केली ती टिकते. पैसा त्या बँकेकडे जातो आणि त्या बँकेतले कुठले खाते आधाराला जोडले आहे हे ती बँक आपल्या दप्तरात बघते. म्हणून "अर्जात खाते क्रमांक नीट भरलाय ना, मग झालं" हा सल्ला बिनकामाचा आहे. पासबुकाची झेरॉक्स दहा ठिकाणी जोडली तरी मॅपरला त्याचे सोयरसुतक नसते.

आता "लिंक आहे" या उत्तराकडे या. खाते उघडताना तुम्ही आधार दिले होते, ते बँकेच्या केवायसीत नोंदले गेले. काउंटरवरचा माणूस त्याच्या स्क्रीनवर तेच बघतो आणि म्हणतो, लिंक आहे. तो खोटे बोलत नसतो, पण ती नोंद एनपीसीआयच्या मॅपरमध्ये गेली आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नसतो. आधार-पॅन जोडणीचा तर इथे काडीचाही संबंध नाही. तरी ती पावती घेऊन येणारी मुले दरवर्षी भेटतात.

म्हणून बँकेत जाण्याआधी घरी बसून स्वतः तपासा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत जा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. समोर येते ते एवढेच: आधारचे शेवटचे चार आकडे, बँकेचे नाव, स्थिती अ‍ॅक्टिव्ह की इनअ‍ॅक्टिव्ह, आणि नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख. या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोर्टल, बँक आणि महाविद्यालय या तिघांशी बोलताना हाच एक कागद उपयोगी पडतो. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर ओटीपी येणारच नाही, मग आधी आधार केंद्र गाठा.

पान नीट बघितलेत तर लक्षात येईल की त्यावर खाते क्रमांक नाही. एकाच बँकेत दोन खाती असलेल्यांची इथे फसगत होते. शाळेत असताना गावच्या शाखेत काढलेले एक खाते, पदवीला शहरात काढलेले दुसरे. मॅपरवर बँक बरोबर दिसते, पैसा मात्र गावच्या खात्यात पडतो. त्याचे पासबुक आईच्या पेटीत आणि मोबाइल क्रमांक कधीच बंद झालेला. "पैसे आले नाहीत" म्हणून आलेल्या कित्येकांना मी आधी ते जुने खाते बघायला पाठवतो.

भलतीच बँक दिसली तर दचकू नका, असे होते. मोबाइल दुकानात नवे सिम घेताना किंवा घरबसल्या झटपट खाते काढताना एका चौकोनात टिक पडते आणि तुमच्या सगळ्या सरकारी रकमा त्या नव्या खात्याकडे वळतात. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या प्रकरणात हेच झाले होते. ग्राहकांना कल्पना नसताना गॅस सबसिडी तिथल्या खात्यांत जमा झाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये यूआयडीएआयने त्यांची ई-केवायसी सेवा रोखली. तेव्हापासून नियम कडक झाले, तरी न वाचता टिक करण्याची आपली सवय तशीच आहे.

नोंद नसेल किंवा चुकीच्या बँकेची असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिच्या शाखेत स्वतः जा. "आधार लिंक करायचंय" असे म्हणू नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपरवर आधार सीडिंग करायचंय, संमतीपत्र द्या," असे म्हणा. फॉर्मवर नवी नोंद करायची की दुसऱ्या बँकेकडून इकडे आणायची, असे पर्याय असतात. आधीची नोंद दुसऱ्या बँकेची असेल तर दुसरा पर्याय निवडून जुन्या बँकेचे नाव लिहा. हा रकाना मोकळा सोडला की नोंद जागची हलत नाही, आणि मुले महिनाभर "फॉर्म तर दिला होता" म्हणत खेटे घालत राहतात. फॉर्मची पोच शिक्क्यासह मागा. पोच देत नाहीत असे म्हणाले तर शांतपणे उभे राहा, देतात. शाखेत जायचे नसेल तर एनपीसीआयच्या संकेतस्थळावर भारत आधार सीडिंग एनेबलर नावाची सोय आहे, पण तुमची बँक तिच्या यादीत आहे का ते आधी बघा.

चार-पाच दिवसांनी तेच पान पुन्हा उघडा. बँकेचे नाव आणि तारीख बदललेली दिसली तरच काम झाले समजा. बँकेतल्या माणसाच्या "झालं" वर जाऊ नका.

आता खात्याच्या प्रकाराबद्दल. पूर्ण केवायसी न करता काढलेली जनधनची खाती 'छोटे खाते' या वर्गात मोडतात. त्यातून महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. पदव्युत्तरची फी त्याहून मोठी असली तर रक्कम जमा होऊनही तुम्ही महाविद्यालयापुढे हात हलवत उभे राहणार. शाखेत केवायसी पूर्ण करून खाते नेहमीच्या बचत खात्यात बदलून घ्या. वडिलांसोबतचे संयुक्त खाते, किंवा तुम्ही अल्पवयीन असताना उघडलेले आणि अजून तसेच असलेले खाते यासाठी वापरू नका.

आणि एकदा नोंद बरोबर झाली की शिष्यवृत्तीची शेवटची रक्कम मिळेपर्यंत नवीन खाते उघडूच नका. कुठे कॅशबॅक मिळतो, मित्राचा रेफरल कोड आहे, काहीही असो. अर्ज मंजूर होणे आणि पैसे सुटणे यात कित्येकदा पुढचे शैक्षणिक वर्ष उजाडते, आणि पैसे सुटतात त्या दिवशी मॅपरवर जी बँक असेल तिकडेच ते जातात.

अर्ज

प्रोफाइल पूर्ण भरा, योजना निवडा, कागद चढवा, पाठवा, प्रिंट काढा. वापरकर्तानाव, पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा ठेवा. सायबर कॅफेवाल्याचा क्रमांक टाकून आलेल्यांना त्याच्या दुकानाची शटर उघडायची वाट बघावी लागते. यूजीसीच्या शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय पोर्टलवर आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायच्या नोंदणीचा, क्रमांक घ्यावा लागतो.

पाठवल्यानंतर

अर्ज आधी महाविद्यालयात तपासला जातो, मग विभागाकडे जातो, अनुसूचित जातीच्या योजनेत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. कुठेही खोट निघाली की तो 'सेंड बॅक' होऊन तुमच्याच लॉगिनमध्ये येऊन पडतो, आणि तुम्ही पुन्हा पाठवेपर्यंत तिथेच राहतो. त्याचा एसएमएस कधी येतो, कधी येत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करा आणि शेरा वाचून शेऱ्यात सांगितले आहे तेवढेच दुरुस्त करा. उत्पन्नाचा दाखला मागितला असताना सगळेच कागद नव्याने चढवणारे उत्साही लोक असतात, ते नवी खोट ओढवून घेतात. मुदतवाढ मिळेल म्हणून थांबू नका. मिळते बहुधा, पण त्या आठवड्यात पोर्टल रडतखडत चालते.

मंजुरीनंतर पैसे आले नाहीत तर क्रम असा ठेवा: आधी सीडिंगचे पान, मग त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांची पासबुके, मग पोर्टलवरची हप्त्याची स्थिती. हे तिन्ही हातात घेऊन महाविद्यालयात या. नुसते "आले नाहीत" म्हणून आलात तर मी तुम्हाला पहिल्या पायरीवरच परत पाठवणार.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के असा वाटा आहे. केंद्राचा वाटा सरळ तुमच्या खात्यात येतो, त्यामुळे सगळे पैसे एकाच दिवशी दिसतील असे समजू नका. आणि हेही ध्यानात घ्या की त्यातला फीचा भाग महाविद्यालयाचा आहे. तो तुम्हीच लगेच भरायचा असतो. आलेल्या पैशांतून मोबाइल घेतला आणि सत्राच्या शेवटी गुणपत्रिका अडली, असे झाल्यास कार्यालयाकडे बोट दाखवू नका. फी भरल्याची पावती जपून ठेवा. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न करता रिन्यूअल करायचे असते, आणि पहिल्या वर्षाचा निकाल लागला की प्रोफाइलमध्ये तो आधी भरायचा.