माकड, लेमूर की एप? आधी नाक बघा

फोटोत किंवा प्राणिसंग्रहालयात माकडासारखा कुठलाही प्राणी दिसला की आपण सरळ "माकड" म्हणून मोकळे होतो. पण प्रायमेट गणात (लेमूर, माकडं, एप आणि आपण माणसं, सगळे ह्यातच) ५०० च्या वर प्रजाती आहेत, जेमतेम ३० ग्रॅमच्या उंदीर-लेमूरपासून दीडशे किलोच्या पुढे जाणाऱ्या गोरिला नरापर्यंत, आणि समोरचा वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीवरचा हे ओळखणं वाटतं तितकं अवघड नाहीये, फक्त बघायचा क्रम चुकवू नका.

पहिलं नाक. शेंडा कुत्र्यासारखा ओलसर दिसला तर तो लेमूर, लोरिस किंवा गॅलॅगोच्या घराण्यातला. खात्री करायची तर मागच्या पायाचं दुसरं बोट बघा, बाकी बोटांना नखं आणि ह्याच एकाला अंग खाजवायला लांब नखी असते. खालचे पुढचे दात कंगव्यासारखे आडवे असतात. ह्या दोन्ही खुणांना आय-आय नावाचा लेमूर अपवाद, त्याच्या इतर बोटांनाही नख्या असतात आणि त्याचे पुढचे दात उंदरासारखे आयुष्यभर वाढत राहतात.

नाक कोरडं असेल तर नाकपुड्यांकडे बघा. (टार्सियर ह्या आग्नेय आशियातल्या चिमुकल्या प्रायमेटचं पण नाक कोरडंच, पण त्याचे ते अवाढव्य डोळे बघून तो लगेच कळतो.) नाकपुड्या एकमेकींपासून लांब आणि बाजूला उघडणाऱ्या असतील तर ते मध्य-दक्षिण अमेरिकेतलं माकड, जवळजवळ आणि खाली उघडणाऱ्या असतील तर आफ्रिका-आशियाकडचं माकड किंवा एप (गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी हे एप). शेपटीने फांदी धरून लटकलेलं दिसलं तर ते अमेरिकेतलंच समजा. स्पायडर मंकीच्या शेपटीच्या टोकाला तर खालून केस नसतात, तिथे बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, मला तर हे दर वेळी नव्याने भारी वाटतं!

कवटी बघायला मिळाली तर एकूण दात मोजू नका, फसाल. मार्मोसेट ह्या अमेरिकेतल्या छोट्या माकडाचे पण ३२ आणि आपले पण ३२. सुळ्यामागच्या उपदाढा मोजा, एका जबड्यात एका बाजूला ३ म्हणजे अमेरिकेतलं, २ म्हणजे आफ्रिका-आशियाकडचं. जीभ फिरवून बघा, आपल्या २ च आहेत, आफ्रिकेतल्या बबून माकडासारख्या.

शेपटी सगळ्यात शेवटी, कारण इथेच लोक चुकतात. एपला शेपटी नसते हे खरं, पण बार्बरी मकाकलाही दिसण्यासारखी शेपटी नसते आणि तो पक्का माकड आहे. म्हणून शेपटीसोबत खांदे बघा, गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांची छाती रुंद, हात डोक्यावर नेऊन आरामात लटकतात, मकाक मात्र फांदीवरून चार पायांवर चालतो.

आता हे सगळं कागदावर काढा, पण प्लीज माकडापासून माणसापर्यंत एकामागे एक चालणारी ती रांग काढू नका, तिनेच सगळा घोळ घातलाय. झाड काढा. अमेरिकेतल्या माकडांची फांदी साधारण ४ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, आफ्रिका-आशियाची माकडं आणि एप त्यानंतर, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटले, आणि माणूस-चिंपांझीची वाट ६०-७० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे गोरिला त्याच्याही आधीच बाजूला झाला होता. त्यामुळे चिंपांझीची फांदी काढताना ती गोरिलाला जोडायची नाही, आपल्याला जोडायची.