आंब्याच्या हंगामाआधी सर्व्हर घेताय? या चुका टाळा

सर्व्हरचं कोटेशन मागवताना बरेच जण वर्षभराच्या पावत्यांना 365 ने भागतात आणि त्या सरासरीवर मशीन ठरवतात. कोकणात हा हिशोब फसतो. हापूसचा व्यवहार मुख्यतः मार्च ते मे एवढ्यात उरकतो. म्हणून मोजायचा तो एप्रिलमधला सगळ्यात गर्दीचा तास: पेट्या उतरतायत, काट्यावर वजनं चाललीयत आणि वाशीची गाडी सुटण्याआधी सगळी चलनं निघायला हवीत. त्या तासात किती जण एकदम एन्ट्री करतात, तो आकडा व्हेंडरला द्या.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पावत्यांचे फोटो थेट डेटाबेसमध्ये साठवणं. हिशोब करून बघा. दिवसाला 400 पावत्या, प्रत्येकीत 6 ओळी, म्हणजे 2,400 ओळी. इंडेक्ससकट (नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) ओळीला 1 केबी धरला तरी 90 दिवसांत जेमतेम 210 एमबी भरतात. पण प्रत्येक पावतीला 200 केबीचा फोटो जोडला की तेवढ्याच दिवसांत सुमारे 7 जीबी! एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 2008 आर2 ते 2022 या आवृत्त्यांत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. म्हणजे दुसऱ्या हंगामाच्या ऐन मध्यावर नवी पावती सेव्हच होत नाही, आणि डिस्क तर अर्धी रिकामी दिसते. लोक मग डिस्क बदलत बसतात.

मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम) डेटाबेसवर राइट क्लिक करा, रिपोर्ट्समधून 'डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स' उघडा. फोटोंचं टेबल सगळ्यात वर दिसलं तर फोटो फोल्डरमध्ये हलवा, टेबलात फक्त पाथ (फाइलचा पत्ता) ठेवा. मोकळी झालेली जागा पुढच्या नोंदींना वापरली जाते, त्यामुळे डेटाबेसची फाइल सारखी सारखी श्रिंक (लहान) करू नका. त्याने इंडेक्स विस्कटतात आणि रिपोर्ट रेंगाळतात. फोल्डरचाही बॅकअप मात्र आठवणीने लावा.

त्याच एक्स्प्रेससाठी 64 जीबी रॅम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याची बफर मेमरी (डेटा हाताशी ठेवायला तो वापरतो ती रॅम) 1,410 एमबीपाशी थांबते. तो पैसा दोन चांगल्या एसएसडींच्या रेड 1 वर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवायची जोडणी) घाला. विकतच्या स्टँडर्ड आवृत्तीत उलटी अडचण: 'मॅक्स सर्व्हर मेमरी' या सेटिंगमध्ये रॅमची मर्यादा ठरवून दिली नाही तर डेटाबेस जवळजवळ सगळी रॅम घेऊन बसतो आणि विंडोज गुदमरतं. 16 जीबीच्या मशीनवर 12 द्या, बिलिंगचं सॉफ्टवेअरही तिथेच चालत असेल तर आणखी कमी.

रिकव्हरी मॉडेल (बदलांची नोंद किती काळ ठेवायची ते ठरवणारी डेटाबेसची सेटिंग) 'फुल' आणि बॅकअप फक्त रात्रीचा, अशी जोडी असेल तर लॉग फाइल, म्हणजे त्या बदलांची नोंदवही, फुगत फुगत डिस्क भरते आणि 9002 क्रमांकाची एरर येते. दर अर्ध्या तासाला लॉग बॅकअप लावा. दिवसभराच्या नोंदी पुन्हा भरायची तयारी असेल तरच 'सिंपल' ठेवा.

आता विजेचं. यूपीएस घेताना त्यावरचा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आकडा नव्हे, प्रत्यक्ष मिळणारे वॉट बघा. 600 व्हीएचे बरेच यूपीएस 360 वॉटच देतात. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेलीच नसते, हे फार ठिकाणी दिसतं. ती जोडून बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप बंद होईल अशी सेटिंग केली नाही, तर मे महिन्यातल्या वळिवात लाइट गेल्यावर डेटाबेस 'सस्पेक्ट' होण्याची, म्हणजे बिघडल्याच्या संशयाने उघडेनासा होण्याची भीती राहते. रेड कंट्रोलरला (डिस्कची जोडी सांभाळणारं कार्ड) बॅटरी नसेल तर राइट-बॅक कॅशे, म्हणजे डिस्कवर लिहिण्याआधी डेटा तात्पुरता मेमरीत धरून ठेवणं, बंदच ठेवा. जांभ्या दगडात अर्थिंग सहज लागत नाही, ते उन्हाळ्यात मोजून घ्या.

सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा सर्व्हरशेजारच्या कपाटातला बॅकअपही वाचायची सोय नव्हती. पत्र्याखालचा माळाही नको, तिथे उष्णतेने बॅटऱ्या लवकर मरतात. खाऱ्या हवेत फॅन आणि कनेक्टर गंजतात, म्हणून समुद्राकडची खिडकी बंद असलेली खोली निवडा.

बॅकअपची एक प्रत गावाबाहेर जाऊ द्या, पण आधी अपलोडचा वेग तपासा: 8 जीबीची फाइल 10 एमबीपीएसला पावणेदोन तासांत जाते, 2 एमबीपीएसला सुमारे नऊ तास लागतात. जानेवारीत तोच बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करा, लागलेली वेळ लिहून ठेवा आणि मागच्या हंगामातल्या कुठल्याही तीन दिवसांच्या पावत्यांची बेरीज छापील वहीशी जुळवून बघा.