शेवटचा हात पाहुण्यांसमोर: घरच्या पार्टीत पदार्थ कसे मांडावेत

बारसं असो, वाढदिवस असो की नव्या घराची पार्टी, मेन्यू ठरला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दिसायला जरा वेगळं पाहिजे." मग गाजराची फुलं आणि टोमॅटोचे गुलाब कोरायला कुणालातरी बसवलं जातं. ती फुलं कुणी खात नाही. त्यापेक्षा पदार्थ नव्वद टक्के तयार ठेवा आणि शेवटचा हात पाहुण्यांसमोर फिरवा. आपल्या नागपुरी जेवणात अशा जागा भरपूर आहेत.

आधी टेबल लावून घ्या. ताटल्या एका टोकाला ठेवा. पाणी आणि सरबतं मात्र पार दुसऱ्या भिंतीशी, नाहीतर पाणी घेणारे आणि पोहे घेणारे एकमेकांना भिडतात. मागच्या रांगेतली भांडी उंच दिसावीत म्हणून पालथे डबे मांडून वर सुती कापड पसरा. एवढी सजावट पुष्कळ झाली.

आता तर्री-पोह्यांचा काउंटर, म्हणजे पोहे आणि त्यावर हरभऱ्याचा तिखट रस्सा. इतरही पदार्थ असतील तर पंचवीस माणसांना दीड किलो पोहे पुरतात. हरभरे अर्धा किलो, रात्रीच भिजत घातलेले. सगळे पोहे एकदम करू नका. अर्धे पाहुणे यायच्या सुमारास, उरलेले नंतर. पातेल्यावर ओलं कापड आणि वर झाकण असलं की ते कोरडे पडत नाहीत. तर्री शेजारी मंद आचेवर, वरचा लाल तवंग दिसेल अशा उघड्या पातेल्यात असू द्या. वाढायला पळसाचे द्रोण सुरेख दिसतात, पण काड्यांनी टाचलेल्या द्रोणातून गरम तर्री झिरपते, म्हणून द्रोण स्टीलच्या वाटीत बसवून द्या. वाढताना आधी पोहे, मग कडेने तर्री, त्यावर कांदा आणि अगदी शेवटी चिवडा. चिवडा आधी पडला तर हातात येईपर्यंत मऊ होतो. लिंबाची फोड पाहुण्यालाच पिळू द्या.

जेवणात वडाभात असेल तर मग विचारायलाच नको. वाटीने भाताची मूद पाडा, माथ्यावर बोटाने खळगा करा, भोवती वडे कुस्करून टाका. लोखंडी पळीत तेल कडकडीत तापवून हिंग आणि सुकी लाल मिरची टाका. मिरची काळपट व्हायच्या आत ती फोडणी खळग्यात ओता. चुर्र आवाज होतो, हिंगाचा वास खोलीभर जातो आणि बाहेर गप्पा मारत उभे असलेले लोक आपोआप आत येतात. डाळीच्या पिठाचे गोळे घातलेल्या गोळाभातालाही हीच युक्ती लागू पडते. शेगडी भिंतीला लागून ठेवा, फोडणी मोठ्या माणसानेच घालावी, आणि मुलांची रांग दुसऱ्या बाजूने लावा.

गोडासाठी नागपुरी संत्रं. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ आपल्या टेबलावर निदान भांडं म्हणून तरी दिसावं! नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे तिची वाटी सहज होते. देठाकडचा एक तृतीयांश भाग कापा, चमच्याचा दांडा सालीच्या आतून गोल फिरवा आणि गर अलगद बाहेर काढा. वाटीत थंडगार श्रीखंड भरून वर संत्रा बर्फीचा चुरा घाला. अंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाकीच्या महिन्यांत हा नाद सोडलेला बरा. काढलेल्या गराचा रस करायचा तर बिया काढून, अगदी ऐनवेळी करा. ठेवला की तो कडवट होतो.

पेयांत एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे बर्फ. साध्या बर्फाने पन्हं पाणचट होतं. पन्ह्याचेच खडे गोठवा, ते विरघळले तरी चव तीच राहते. संत्र्याच्या सोललेल्या फोडी गोठवून लिंबू सरबतात टाकल्या तर रंगही छान दिसतो. मातीचे कुल्हड वापरणार असाल तर आधी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरडा कुल्हड पन्हं पितो आणि वर मातीची चव देतो. बाटल्या झटपट गार करायच्या असतील तर टबात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला. धुराचा देखावा करण्यासाठी कोरडा बर्फ आणायची हल्ली हौस आहे, पण त्याचं तापमान उणे 78 अंशांच्या आसपास असतं. तो तोंडात किंवा पोटात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून घरच्या पार्टीत तो नकोच.

मे महिन्यात पार्टी गच्चीवर असेल तर सूर्य मावळल्यावरच ठेवा, तरी हवा तापलेलीच असणार. 32 अंशांच्या वर दही, श्रीखंड, ओली चटणी यांना बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नये. म्हणून मोठं पातेलं टेबलावर आणण्याऐवजी लहान वाडगे बर्फाच्या परातीत ठेवा आणि फ्रिजमधून पुन्हा पुन्हा भरा.

राहिल्या चिठ्ठ्या. प्रत्येक भांड्यापुढे पदार्थाचं नाव आणि शाकाहारी की मांसाहारी एवढं लिहा. शेंगदाणे, काजू असतील तर तेही. सावजी रस्सा असेल तर तिखटाचा इशारा ठळक हवा, कारण पुण्या-मुंबईचे पाहुणे पहिला घास बेफिकीरपणे घेतात. त्याच्या शेजारी ताकाचा तांब्या भरून ठेवा.