पाटे वाढवण्याआधी व्हॅन वजनकाट्यावर न्या
कॅम्परव्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली की गाडी मागून दबते. मग गॅरेजवाला सांगतो, ‘पाटे वाढवा,’ म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये जादा पोलादी पट्ट्या घाला. गाडी उचलली जाते, पण आरसीवरचं एकूण वजन, म्हणजे भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा, तेवढंच राहतं. कंपनीने प्रमाणित केलेल्या आकड्यापलीकडे ते जात नाही. ब्रेक आणि टायरही त्याच हिशोबाचे असतात.

म्हणून आधी नवी मुंबईत तुर्भ्याला, एपीएमसीच्या घाऊक बाजाराच्या बाजूला ट्रकवाले जातात तशा वजनकाट्यावर जा. टाक्या भरलेल्या हव्यात, घरची सगळी माणसं आत. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. एकूण वजन बसलं तरी मागच्या ॲक्सलवर भार जास्त असू शकतो. १०० लिटरची टाकी अर्धी ठेवलीत तर ५० किलो तिथेच सुटतात. जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो.