व्ही-६०साठी कॉफी एकसारखी दळायची कशी

व्ही-६० म्हणजे कागदी फिल्टर लावून, वरून हळूहळू गरम पाणी ओतून कॉफी गाळायचं शंकूसारखं भांडं. त्यातली कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही, तेव्हा दोष बहुधा बियांचा किंवा पाण्याचा नसून दळणाचा असतो. जाड तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पोचत नाही, त्यांच्यातून आंबटपणा तेवढा उतरतो. सोबतचं पीठ मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटातच रिकामं होतं आणि पुढे कडवटपणा, तुरटपणा सोडत राहतं. ग्राइंडरची जाडी ठरवणारी चकती दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, मागेपुढे करून हे सुटत नाही. क्लिकने जाडी बदलते, एकसारखेपणा बदलत नाही.

चटणीच्या भांड्यातलं पातं बिया फोडतं. कुठला तुकडा किती वेळा पात्याखाली येईल यावर ताबा नसतो, म्हणून एकाच भांड्यात लापशीएवढे तुकडेही निघतात आणि मैद्यासारखी भुकटीही. बर ग्राइंडर म्हणजे छोटं जातंच. दोन दातेरी भागांत ठरलेली फट असते आणि त्या फटीतून मावेल एवढाच कण खाली पडतो. बजेट तोकडं असेल तर गूजनेक (बारीक, लांब चोचीची) किटली पुढच्या वर्षी घ्या, आधी स्टीलच्या दात्यांचा हात-ग्राइंडर घ्या. घेताना दाता फिरवणारा मधला दांडा हलवून बघा. स्वस्त यंत्रांत दांड्याला एकाच ठिकाणी आधार असतो, त्यामुळे जाड दळताना आतला दाता डुगडुगतो आणि फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते. दोन बेअरिंगचा दांडा हवा.

सुरुवात शून्यापासून करा. ग्राइंडर रिकामा असताना दाते एकमेकांना टेकून हँडल मोकळं फिरेनासं होईपर्यंत चकती हलक्या हाताने आवळा. ते शून्य. जोर लावून फिरवू नका, दात्यांच्या कडा खराब होतात. तिथून उलटे क्लिक मोजा. टाइममोअर सी२ या हात-ग्राइंडरवर साधारण १८ ते २४, कमांडांटे सी४० वर २२ ते २८. हे आकडे फक्त सुरुवातीपुरते. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांतही फरक निघतो, त्यामुळे मित्राचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

पहिलं दळण पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरा आणि खिडकीपाशी बघा. उपम्याच्या जाड रव्याएवढे कण हवेत. चिरोटी रव्यासारखे दिसले तर बारीक झालंय, लापशीसारखे असतील तर जाड. आता चिमूट बोटांत चोळून झटका. बोटांवर थोडी तपकिरी पूड राहणारच, पीठ अजिबात न पाडणारा ग्राइंडर नसतो. पण बोटांच्या रेषा भरून निघाल्या तर पीठ जास्त आहे.

दळण्याची रीतही महत्त्वाची. १५ ग्रॅम बिया मोजून घ्या. चमच्याची दांडी पाण्यात बुडवा, झटका आणि बियांमधून फिरवा. एवढा एक-दोन थेंबांचा ओलावा पुरतो. दळताना घर्षणाने वीज तयार होते, भुकटी डब्याच्या कडांना चिकटते आणि मग एकदम गठ्ठ्याने पडते, ते याने टळतं. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात हा त्रास जास्त, कोकणातल्या पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. ग्राइंडर थोडा तिरका धरा आणि सेकंदाला साधारण एक फेरा, अशा एकाच लयीत फिरवा. तिरका धरला की बिया दात्यांत थोड्या थोड्या उतरतात, एकमेकींवर घासून चुरा होत नाहीत. झाल्यावर बाहेरून दोन-तीन टपल्या मारा, अडकलेलं दळण उतरेल. बिया बदलल्या असतील तर नव्या बियांचे ४-५ दाणे आधी दळून टाकून द्या. गिरणीत आपण ‘ज्वारीवर आमचे गहू टाकू नका’ म्हणतो, तेच इथे.

दळण बरोबर आहे की नाही हे शेवटी पाणी सांगतं, पण त्यासाठी बाकी सगळं रोज तेच ठेवावं लागतं. १५ ग्रॅमला २४० मिली पाणी, उकळी येऊन अर्धा मिनिट थांबलेलं. आधी ४० मिली ओतून ४० सेकंद थांबा, मग दोन हप्त्यांत उरलेलं. सगळं पाणी २:४५ ते ३:१५ मिनिटांत उतरायला हवं. सव्वादोन मिनिटांतच उतरलं आणि कॉफी पाणचट-आंबट लागली तर दोन क्लिक बारीक करा. चार मिनिटं लागली आणि जीभ कोरडी पडली तर दोन क्लिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. उंचावरून, जोरात ओतलं तर पीठ खाली कागदात जाऊन बसतं आणि चांगलं दळणही तुंबतं. तो दोष ग्राइंडरच्या माथी मारू नका.

जाड करूनही पाणी तुंबतंय आणि गाळावर चिखलाचा गुळगुळीत थर दिसतोय? मग खरोखरच पीठ जास्त आहे. गडद भाजलेल्या बिया ठिसूळ असतात, पीठ जास्त पाडतात. त्यांना जाड दळण आणि कमी गरम पाणी लागतं. हलक्या भाजलेल्या चिकमगळूरच्या अरेबिका बिया कडक असतात, त्या दोन-तीन क्लिक बारीक. चिकोरी घातलेली तयार फिल्टर कॉफी मात्र व्ही-६०मध्ये घालूच नका. ती स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते, कागद तुंबवते.

ग्राइंडर येईपर्यंत मिक्सरवरच भागवायचं असेल तर २० ग्रॅम बिया घ्या. दोन-दोन सेकंदांचे सहा-सात झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सलग फिरवलं तर खालचं पीठ होतं, वरचं तसंच राहतं. मैद्याच्या चाळणीत २० सेकंद चाळा, खाली पडेल ते फेकून द्या, वर राहिलेल्यातले डोळ्यांना दिसणारे मोठे तुकडे वेचा आणि १५ ग्रॅम मोजा. वाया जातं खरं, पण कपातला फरक लगेच कळतो.

आठवड्यातून एकदा दाते कोरड्या ब्रशने झाडा. पाणी लावू नका, स्टील गंजतं. साफसफाईसाठी कच्चे तांदूळही घालू नका; ते बियांपेक्षा कडक, वर त्यांचं पीठ आत बसतं. महिन्यातून एकदा सगळं उघडून पुसा आणि परत जोडल्यावर शून्य नव्याने शोधा. चकती आधीपेक्षा किंचित वेगळी बसली तरी कालचे २२ क्लिक आज २२ राहत नाहीत.