क्षारपड उसाच्या रानासाठी उन्हाळी सल्ला : आधी निचरा, मग जिप्सम

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानांत ऊस तुटून गेला आणि ऊन तापले की वरंब्यांवर मीठ फुटते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर ज्या रानांत पाणी बरेच दिवस तुंबून राहिले, तेथे हा पांढरा थर अधिक काळजीपूर्वक पाहावा. पाऊस आता थोड्या दिवसांत धो-धो पडून जातो आणि उरलेले वर्षभर पाटाचे किंवा उपशाचे पाणी चालूच राहते. अशाने भूजल वर येते आणि उन्हाबरोबर त्यातील क्षार पृष्ठभागावर साचतात.

अनेकजण मे महिन्यात सर्वांत आधी जिप्समची (कॅल्शियमयुक्त भूसुधारकाची) पोती आणतात. हा खर्च बहुधा वाया जातो. रानाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात तीन फूट खोल खड्डा घ्यावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तळाशी पाणी साचलेले दिसले, तर पहिला खर्च निचऱ्यावर करावा.

त्याच खड्ड्याच्या भिंतीवरून ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावेत. एकत्र केल्यास क्षार वर आहेत की खाली, हे कळत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही तपासून घ्यावे. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू (पीएच) ८.५ पेक्षा कमी असेल, तर जमीन क्षारयुक्त समजावी. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम) १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण असते. चोपण रान ओले असताना चिकट व काळपट तेलकट दिसते, वाळल्यावर दगडासारखे होते आणि त्यात पाणी मुरत नाही. जिप्समची गरज याच जमिनीला असते, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरचे सोडियम हुसकावून लावते. सुटलेल्या सोडियमला बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ते जागच्या जागीच राहते. केवळ क्षारयुक्त जमिनीला गोड्या पाण्याने धुणे आणि निचरा एवढेच पुरते.

निचऱ्यासाठी तीन ते चार फूट खोल उघडे चर काढावेत, किंवा तेवढ्याच खोलीवर गाळणीचे आवरण असलेले सच्छिद्र पाइप टाकावेत. भारी चिकण जमिनीत सुमारे दोन फूट खोलीवरचा मोल निचरा (अवजाराने जमिनीखाली पाडलेली पोकळ नळी) स्वस्त पडतो; मात्र काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो. कोणत्याही पद्धतीत पाण्याला शेवटी ओढ्यापर्यंत उतार मिळायला हवा, आणि अडचण बहुतेक वेळा येथेच येते, कारण ओढा कोणीतरी नांगरून रानात घेतलेला असतो. शेजाऱ्याच्या बांधावर पाणी सोडून भांडण ओढवून घेण्यापेक्षा शिवारातील चार-सहा जणांनी मिळून सामाईक चर काढावा. हे काम मान्सूनपूर्वी संपवावे.

परीक्षणानुसार ठरलेल्या जिप्सममधील निम्मी मात्रा यंदा द्यावी व वरच्या २० सेंटिमीटर थरात मिसळावी. ज्या जमिनीत मुक्त चुनखडी आहे, तेथे तज्ज्ञांच्या सल्ल्याने गंधक वापरता येते. जूनच्या पावसाआधी बांध नीट करून रान सपाट करावे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता मुरेल व क्षार खाली ढकलेल. मग धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरावे आणि ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, वाफसा (माती ओलसर पण चिखल नसलेली) असताना गाडावे. ऊस लावायचाच असेल तर क्षार सोसणाऱ्या फुले २६५ सारख्या वाणाचा विचार करावा; अशा रानात हरभरा घेऊ नये.

खोडव्यात (तुटलेल्या उसाच्या बुंध्यांतून फुटलेल्या पिकात) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवू नये. सरीत पसरलेले पाचट बाष्पीभवन रोखते, त्यामुळे क्षार वर येण्याचा वेग कमी होतो आणि कुजल्यावर सेंद्रिय कर्ब वाढतो. तुंबलेल्या रानात जास्त युरिया टाकल्यास नत्राचा बराच भाग पिकाला न मिळता नायट्रोजन वायूच्या आणि काही अंशी नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. म्हणून नत्राची मात्रा हप्त्यांनी विभागून, वाफशावर द्यावी. ठिबक असल्यास पाण्याचे प्रमाण मोजून ठेवता येते.

पुढच्या मे महिन्यात त्याच जागी पुन्हा खड्डा घेऊन तिन्ही थरांचे नमुने तपासावेत आणि उरलेले जिप्सम द्यायचे की नाही, हे तेव्हा ठरवावे.